का-त, तानापिहिनिजा, रा-पां: रेझिस्टन्सवरचे रंग वाचायला शिकूया

बेळगावात वडगावला माझं दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. पंपाच्या पॅनेलची बोर्डं, अॅम्प्लिफायर, इन्व्हर्टर, चार्जर असं सगळं येतं. दुकान नवीन असताना खानापूर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचं फेज प्रिव्हेंटरचं (एखादी फेज गेली की पंपाची मोटर बंद करणाऱ्या पेटीचं) बोर्ड आलं होतं. त्यातला एक रेझिस्टन्स, म्हणजे करंट अडवणारा छोटा भाग, ओपन झाला होता, म्हणजे आतून तुटला होता. अंगावर चार पट्टे: तांबडा, तांबडा, नारिंगी, सोनेरी. संध्याकाळची वेळ होती, डोक्यावर साठ वॅटचा पिवळा बल्ब. मी नारिंगीला तांबडा समजलो आणि २२ के च्या जागी २.२ के बसवला (के म्हणजे हजार ओहम, ओहम हे रोधाचं माप). बोर्ड चालू झालं, मी पैसे घेतले.

दुसऱ्याच दिवशी तो माणूस तेच बोर्ड पिशवीत घालून परत आला. नव्या रेझिस्टन्सचा कोळसा झाला होता आणि खालचं बोर्डही काळं पडलं होतं. गणित अगदी साधं आहे. त्या जागी सुमारे ४७ व्होल्ट पडत होते. २२ के मध्ये त्याची ०.१ वॅट उष्णता होते, ती पाव वॅटचा रेझिस्टन्स सहज सोसतो. २.२ के मध्ये तीच उष्णता दहापट, म्हणजे १ वॅट झाली. एका पट्ट्याचा रंग चुकला म्हणून त्याला पुन्हा बसचं भाडं पडलं आणि उसाला दोन दिवस पाणी मिळालं नाही. तेव्हापासून माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी सोल्डरिंग आयर्न हातात देण्याआधी रंग वाचायला बसवतो. आमच्याकडे दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली मुलं आयटीआयला किंवा डिप्लोमाला जातात, तिथे हा विषय इंग्रजीत एका तासात उरकला जातो आणि मुलं कायमची अडखळत राहतात. खरं तर आपल्याला यातलं निम्मं आधीपासूनच पाठ असतं.

एक शब्दाचा खुलासा आधी करतो. पुस्तकात वस्तूला रेझिस्टर किंवा रोधक म्हणतात, आणि तिच्या गुणाला रेझिस्टन्स किंवा रोध. दुकानात मात्र वस्तूलाच रेझिस्टन्स म्हणायची पद्धत आहे. मीही इथे तसंच लिहितो.

दहा रंग, दहा आकडे

शाळेत इंद्रधनुष्याचे रंग कसे पाठ केले होते? तानापिहिनिपाजा. तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा. यातला पारवा काढून टाका. उरलं तानापिहिनिजा. हेच सहा रंग याच क्रमाने रेझिस्टन्सवर २ ते ७ हे आकडे दाखवतात: तांबडा २, नारिंगी ३, पिवळा ४, हिरवा ५, निळा ६, जांभळा ७.

आता इंद्रधनुष्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन रंग जोडायचे. आधी अंधार, मग उजेड येतो असं समजा. सुरुवातीला काळा ०, तपकिरी १. शेवटी राखाडी ८, पांढरा ९. सगळं मिळून का-त, तानापिहिनिजा, रा-पां. चालीवर दहा वेळा म्हणा, बोटांवर शून्यापासून मोजत म्हणा, दिवसाभरात पक्कं होतं.

पारवा का काढायला सांगतो तेही लक्षात ठेवा. रोजच्या बोलण्यात पारवा म्हणजे पारव्याच्या पंखांचा, राखाडीकडे झुकणारा रंग. इंद्रधनुष्यात तोच शब्द निळा आणि जांभळा यांच्या मधल्या रंगाला वापरला जातो. एक मुलगा राखाडी पट्ट्याला पारवा म्हणायचा आणि इंद्रधनुष्याच्या क्रमाने त्याला ७ देऊन मोकळा व्हायचा. रेझिस्टन्सवर पारवा नाहीच, राखाडी आहे आणि तो ८ आहे.

आमच्या भागात आणखी एक अडचण येते. टेबलाच्या एका बाजूला मराठी मुलगा, दुसऱ्या बाजूला कन्नड मुलगा. एक रंग सांगतो, दुसरा लिहून घेतो. कन्नडमध्ये काळा म्हणजे कप्पू, तपकिरी म्हणजे कंदू, तांबडा म्हणजे केंपू. तिन्ही क पासून, आणि आकडे ०, १, २. घाईत ऐकलं की हमखास गोंधळ होतो. पुढचे रंग तितके फसवत नाहीत: नारिंगी कित्तळे, पिवळा हळदी, हिरवा हसिरू, निळा नीली, जांभळा नेरळे, राखाडी बूदू, पांढरा बिळी. म्हणून माझ्याकडे नियम असा की एकमेकांना रंग सांगायचेच नाहीत. ज्याने वाचलं त्याने आकडा सांगायचा. "दोन, दोन, तीन शून्यं" म्हटलं की भाषा कुठलीही असो, चूक होत नाही.

या दहांशिवाय सोनेरी आणि रुपेरी हे दोन रंग असतात. ते आकडे दाखवत नाहीत. त्यांचं काम पुढे येतं.

कुठल्या टोकापासून वाचायचं

रंग छापण्यामागे कारण आहे. एवढ्याशा गोल अंगावर आकडे छापले तर बसवताना ते खालच्या बाजूला जाऊ शकतात, किंवा घासून जातात. पट्टा मात्र सगळ्या अंगाभोवती फिरतो, म्हणून रेझिस्टन्स कसाही फिरवून बसवला तरी दिसतो. पण पट्ट्याला वर-खाली नसतं, डावं-उजवं मात्र असतं, आणि ते आपल्याला ओळखावं लागतं.

चार पट्ट्यांच्या रेझिस्टन्समध्ये हे सोपं आहे. सोनेरी किंवा रुपेरी पट्टा कधीच पहिला येत नाही. तो उजव्या हाताला ठेवा आणि डावीकडून वाचा. पाच पट्ट्यांमध्ये बऱ्याचदा शेवटच्या पट्ट्याआधी थोडी जास्त जागा सोडलेली असते, किंवा तो पट्टा जरा रुंद असतो. पण स्वस्त मालात ही जागा इतकी सारखी असते की डोळ्याला फरक कळत नाही. त्याचा उपाय पुढे सांगतो.

चार पट्टे

पहिला पट्टा पहिला आकडा, दुसरा पट्टा दुसरा आकडा. तिसरा पट्टा म्हणजे पुढे किती शून्यं द्यायची ते. चौथा पट्टा अचूकता, म्हणजे टॉलरन्स.

पिवळा, जांभळा, तांबडा, सोनेरी घ्या. पिवळा ४, जांभळा ७, झाले ४७. तांबडा २, म्हणजे दोन शून्यं: ४७०० ओहम. हजार ओहमला एक के, म्हणजे किलो-ओहम, म्हणून हा ४.७ के. सोनेरी म्हणजे ५ टक्के इकडे-तिकडे. म्हणजे मीटरवर (ओहम मोजणाऱ्या मल्टिमीटरवर) ४४६५ ते ४९३५ ओहम यामधलं काहीही आलं तरी तो माल चांगला आहे. शिकाऊ मुलं इथे घाबरतात. मीटर ४.६२ दाखवतो, रंग ४.७ सांगतात, "मास्तर, खराब आहे की ओ हा!" तो खराब नाही, तो त्याच्या हद्दीतच आहे.

तिसरा पट्टा काळा असेल तर शून्य शून्यं, म्हणजे काहीच जोडायचं नाही. तपकिरी, काळा, काळा, सोनेरी म्हणजे १० ओहम. इथे नवखा माणूस हमखास १०० म्हणतो, कारण काळा म्हणजे शून्य आणि म्हणून एक शून्य जोडायचं असं त्याला वाटतं. काळा म्हणजे शून्य *इतकी* शून्यं.

तिसऱ्या जागी सोनेरी आला तर दहाने भागायचं, रुपेरी आला तर शंभराने. हिरवा, निळा, सोनेरी, सोनेरी म्हणजे ५६ भागिले १०, ५.६ ओहम. तांबडा, जांभळा, रुपेरी, सोनेरी म्हणजे ०.२७ ओहम. असे लहान किमतीचे (किंमत म्हणजे ओहमचा आकडा, पैसे नव्हे) रेझिस्टन्स अॅम्प्लिफायरच्या आउटपुट ट्रान्झिस्टरजवळ आणि पॉवर सप्लायमध्ये दिसतात.

अचूकतेच्या पट्ट्याचे अर्थ इतके पुरेत: सोनेरी ५ टक्के, रुपेरी १० टक्के, तपकिरी १ टक्का, तांबडा २ टक्के. चौथा पट्टा नसेलच तर २० टक्के, पण असा माल आता फक्त जुन्या रेडिओतच सापडतो. हिरवा ०.५, निळा ०.२५ आणि जांभळा ०.१ टक्का हे मोजमापाच्या उपकरणांत असतात, आपल्या टेबलावर क्वचित येतात.

तिसरा पट्टा आधी बघायची सवय

पुस्तकं डावीकडून उजवीकडे वाचायला सांगतात. दुरुस्ती करणाऱ्याने मात्र आधी तिसरा पट्टा बघावा, असं मला अनुभवाने वाटतं. पहिले दोन पट्टे चुकले तर किंमत दहापटीच्या आतच चुकते. तिसरा चुकला तर दहापट किंवा शंभरपट चुकते. माझं खानापूरचं बोर्ड तिसऱ्या पट्ट्यानेच जळलं होतं.

चार पट्ट्यांत तिसरा रंगच सांगतो की रेझिस्टन्स कुठल्या घरातला आहे. सोनेरी असेल तर १ ते १० ओहमच्या मधला. काळा असेल तर दहांच्या घरातला. तपकिरी म्हणजे शेकड्यांच्या. तांबडा म्हणजे एक के ते दहा के. नारिंगी म्हणजे दहा के ते शंभर के. पिवळा म्हणजे शेकडो के. हिरवा म्हणजे मेगा-ओहम, दहा लाखांच्या घरातला. हे पाठ झालं की बोर्डाकडे नुसतं बघूनच अंदाज येतो. एलईडीच्या शेजारचा रेझिस्टन्स साधारण तपकिरी किंवा तांबड्या घरातला असणार. २३० व्होल्टच्या लाइनवर कपॅसिटरला आडवा लावलेला, त्याचा चार्ज उतरवणारा रेझिस्टन्स पिवळ्या किंवा हिरव्या घरातला असणार. तिथे तांबडा दिसला तर हात थांबला पाहिजे: वाचन चुकलं आहे, किंवा आधीच्या कुणीतरी चुकीचा बसवला आहे.

एक साधं उदाहरण हाताने करून बघा. १२ व्होल्टची बॅटरी आणि पांढरा एलईडी, त्याला साधारण ३ व्होल्ट लागतात. उरले ९ व्होल्ट. ४७० ओहम लावला, म्हणजे पिवळा, जांभळा, तपकिरी, तर ९ भागिले ४७०, सुमारे १९ मिलिअँपिअर. एलईडी छान पेटतो. तिसरा पट्टा तपकिरीऐवजी तांबडा आला, ४.७ के, तर करंट २ मिलिअँपिअरच्याही खाली जातो आणि एलईडी मिणमिणतो. काळा आला, ४७ ओहम, तर १९० मिलिअँपिअरहून जास्त आणि एलईडी डोळ्यांदेखत संपतो. गणपतीच्या आरासीत एलईडीच्या माळा करणाऱ्या पोरांनी हे आधी टेबलावर करून बघावं, मंडपात नको. आणि ४७० ओहमवर उष्णता किती होते तेही काढा: ९ गुणिले ९ भागिले ४७०, म्हणजे ०.१७ वॅट. पाव वॅटचा चालतो, पण चांगलाच तापतो. रात्रभर पेटायचं असेल तर मी अर्ध्या वॅटचा घालतो.

वॅट रंगात नसतात, आकारात असतात. पाव वॅटचं अंग साधारण सहा मिलिमीटर लांब, अर्ध्या वॅटचं साधारण नऊ. दुकानात मागताना किंमत आणि वॅट दोन्ही सांगा, नाहीतर पाव वॅटचाच हातात पडतो.

पाच पट्टे, आणि उलटं वाचण्याचा धोका

फिकट निळ्या अंगाचे रेझिस्टन्स बहुतेक मेटल फिल्मचे असतात आणि त्यांवर पाच पट्टे असतात. पहिले तीन आकडे, चौथा शून्यं, पाचवा अचूकता. पिवळा, जांभळा, काळा, तपकिरी, तपकिरी म्हणजे ४७० आणि एक शून्य, ४७०० ओहम, १ टक्का. तोच आपला ४.७ के. चार पट्ट्यांत तो तांबड्या घरातला होता, इथे शून्यांचा पट्टा तपकिरी आला. एक आकडा वाढला म्हणून एक शून्य कमी झालं. घरांची यादी पाच पट्ट्यांना लावताना एक पायरी सरकवायची: चौथा काळा म्हणजे शेकडे, तपकिरी म्हणजे एक ते दहा के, तांबडा म्हणजे दहा ते शंभर के.

सहावा पट्टा असेल तर तो तापमानाने किंमत किती बदलते ते सांगतो. तपकिरी म्हणजे एका अंशाला दहा लाखांत १०० भाग. घरगुती दुरुस्तीत त्यावर थांबायची गरज नाही.

थांबायचं आहे ते दिशेवर. पाच पट्ट्यांचा सर्वांत जास्त मिळणारा माल १ टक्क्याचा, म्हणजे शेवटी तपकिरी. आणि १० पासून सुरू होणाऱ्या सगळ्या किमतींत पहिला पट्टाही तपकिरी. दोन्ही टोकांना तपकिरी, मग सुरुवात कुठली?

तपकिरी, काळा, काळा, तपकिरी, तपकिरी. सरळ वाचला तर १०० आणि एक शून्य, १ के. उलटा वाचला तर तपकिरी, तपकिरी, काळा, काळा, तपकिरी: ११० आणि काहीच शून्य नाही, ११० ओहम. दोन्ही किमती बाजारात खरोखर मिळतात. तसंच १० के (तपकिरी, काळा, काळा, तांबडा, तपकिरी) उलटा वाचला की १२० ओहम होतो. १०० के उलटा वाचला की १३० ओहम. फक्त १०० ओहम सुटतो, कारण तपकिरी, काळा, काळा, काळा, तपकिरी दोन्हीकडून सारखाच.

यापेक्षाही फसवा आहे २२ के: तांबडा, तांबडा, काळा, तांबडा, तपकिरी. उलटा वाचला तर तपकिरी, तांबडा, काळा, तांबडा, तांबडा, म्हणजे १२ के, २ टक्के. दोन्ही उत्तरं शहाणी दिसतात. अशा वेळी मी १ टक्क्याचं वाचन आधी धरतो, कारण २ टक्क्यांचा माल आपल्याकडे फार कमी येतो. पण धरतो म्हणजे मानत नाही. पाच पट्ट्यांचा सुटा रेझिस्टन्स मीटर लावल्याशिवाय बोर्डात घालायचा नाही, हा माझ्या दुकानातला कायदाच आहे.

आलेली किंमत बाजारात असते का?

वाचन तपासायची आणखी एक फुकटची पद्धत आहे. रेझिस्टन्स हव्या त्या किमतीचे बनत नाहीत, ठरलेल्या मालिकेत बनतात. सर्वांत कामाची मालिका बारा आकड्यांची: १०, १२, १५, १८, २२, २७, ३३, ३९, ४७, ५६, ६८, ८२. यांच्याच मागे शून्यं लागतात किंवा पॉइंट येतो. ४७ ओहम, ४७० ओहम, ४.७ के, ४७ के, ४७० के असं.

हे आकडे विचित्र वाटतात, पण त्यामागे व्यवहार आहे. प्रत्येक आकडा मागच्याच्या साधारण १.२१ पट आहे. १० टक्के चूक धरली तर एका किमतीची वरची हद्द पुढच्या किमतीच्या खालच्या हद्दीला जवळपास टेकते, म्हणजे मध्ये मोठी फट राहत नाही आणि कारखान्याला शेकडो प्रकार बनवावे लागत नाहीत. ५ टक्क्यांच्या मालासाठी या बारांच्या मध्ये आणखी बारा भरतात: ११, १३, १६, २०, २४, ३०, ३६, ४३, ५१, ६२, ७५, ९१.

आता चार पट्ट्यांचा रेझिस्टन्स वाचलात आणि पहिले दोन आकडे २८ आले, किंवा ४६ आले, तर ते वाचन चुकलं समजा. २८ बहुतेक २७ असतो, जांभळा आणि राखाडी यांची गफलत. ४६ म्हणजे ४७, निळा आणि जांभळा यांची. हे बारा आकडे पाठ असलेला माणूस अंधुक पट्टाही बरोबर वाचतो. एक टक्क्याच्या मालिकेत ९६ किमती असतात, तिथे ही युक्ती तितकी धारदार राहत नाही.

रंगच फसवतात तेव्हा

तांबडा, नारिंगी आणि तपकिरी हे त्रिकूट सर्वांत जास्त चुका करवतं. पिवळ्या बल्बखाली तिघेही एकमेकांत मिसळतात. दिवसाचा उजेड सर्वांत चांगला. तो नसेल तर पांढरा एलईडी दिवा बाजूने धरा. एक ओळखीचा तांबडा पट्टा असलेला रेझिस्टन्स शेजारी ठेवून तुलना करा, डोळ्याला जोडीने लगेच कळतं. मी टेबलाच्या काचेखाली चांगल्या मालाचे दहा रंगांचे नमुने चिकटवून ठेवले आहेत.

निळ्या अंगावर राखाडी आणि जांभळा मळकट दिसतात, हिरवा आणि निळा जवळ येतात. भिंग घ्या. पावसाळ्यात खानापूर, जांबोटी भागातून येणाऱ्या बोर्डांवर बुरशी आणि ओल्या धुळीचा थर असतो. आधी स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाच्या बोळ्याने पुसा, मग वाचा. आणि तापून तापून रंग बदललेला रेझिस्टन्स तर उघड खोटं बोलतो. तांबडा तपकिरी होतो, पिवळा नारिंगीसारखा दिसतो, सोनेरी निघूनच जातो.

काहींना जन्मतः तांबड्या-हिरव्यात फरक कळत नाही, पुरुषांत हे जास्त आढळतं. माझ्याकडे असा एक मुलगा होता. पहिले काही दिवस तो लपवत राहिला. लपवायचं काहीच नाही. तो प्रत्येक रेझिस्टन्स मीटरनेच वाचायचा, आणि त्याच्या हातून गेलेलं बोर्ड कधी परत आलं नाही.

मीटर लावताना

पॉवर बंद करा, पिन सॉकेटमधून बाहेर काढा. एवढ्याने पुरत नाही. २३० व्होल्टच्या सप्लायमध्ये मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी साठतात आणि पिन काढल्यावरही राहू शकतात. डीसी व्होल्टवर मीटर ठेवून आधी कपॅसिटर तपासा. चार्ज असेल तर मोठ्या वॅटचा रेझिस्टन्स किंवा वायर जोडलेला साधा बल्ब लावून उतरवा, स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करू नका. पुन्हा मोजा. मगच ओहमवर या.

बोर्डात बसलेला रेझिस्टन्स मोजला तर त्याच्या समांतर दुसरे रस्ते असतात, म्हणून मीटर बहुतेक खऱ्यापेक्षा कमी दाखवतो. रंग १० के सांगतात आणि मीटर ३.२ के दाखवतो, तर लगेच तो खराब ठरवू नका. एक पाय सोल्डर वितळवून उचला आणि परत मोजा. उलट, बोर्डातच रंगापेक्षा बराच जास्त दाखवत असेल आणि आकडा स्थिर असेल तर तो गेलाच समजा. आकडा हळूहळू चढत असेल तर शेजारचा कपॅसिटर भरतो आहे, थांबा.

रेंज हाताने निवडायचं मीटर असेल तर अपेक्षित किमतीच्या लगेच वरची रेंज घ्या. ४.७ के साठी २० के. २ के च्या रेंजवर नुसता १ दिसेल आणि तुम्ही चांगल्या रेझिस्टन्सला ओपन म्हणाल. मेगा-ओहम मोजताना दोन्ही टोकं बोटांनी दाबून धरू नका, तुमच्या अंगाचा रोधही समांतर लागतो आणि घामेजल्या हाताने आकडा चांगलाच खाली येतो. एका ओहमच्या आसपासचं मोजताना आधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवा, जो आकडा येईल तो उत्तरातून वजा करा.

जळून रंगच गेले असतील तर

घाई करून अंदाजाने काही घालू नका. स्टीरिओ अॅम्प्लिफायर असेल तर दुसऱ्या चॅनेलमध्ये त्याच जागी त्याचा जुळा भाऊ बसलेला असतो, तो वाचा. तसंच दुसरं बोर्ड मिळालं तर त्यावरचा त्याच क्रमांकाचा रेझिस्टन्स बघा. एखाद-दुसरा पट्टा शिल्लक असेल तर बारा आकड्यांच्या मालिकेत कुठले बसतात ते काढा. पहिला पिवळा दिसतो आहे, दुसरा गेला आहे, तर १० टक्क्यांच्या मालिकेत ४७ शिवाय दुसरं काही नाही. ५ टक्क्यांत ४३ ही शक्यता उरते.

किंमत सापडली तरी तो का जळला ते शोधल्याशिवाय नवा बसवू नका. रेझिस्टन्स आपणहून क्वचितच जळतो. पुढचा ट्रान्झिस्टर शॉर्ट असतो, डायोड गेलेला असतो, कपॅसिटर गळत असतो. चार्जरच्या तोंडाशी असलेले काही रेझिस्टन्स फ्यूजसारखे तुटायलाच बनवलेले असतात. त्या जागी त्याच प्रकारचा घाला. साधा घातलात तर पुढच्या वेळी तुटायच्या जागी तो पेट घेऊ शकतो, आणि ते चार्जर कुणाच्या तरी उशाशी लावलेलं असतं.

मधोमध एकच काळा पट्टा असलेला दिसला तर तो शून्य ओहमचा, म्हणजे बोर्डावरचा जंपर आहे. नव्या बोर्डांतल्या चपट्या चिपांवर रंग नसतात, आकडे असतात आणि पद्धत तीच: १०३ म्हणजे १० आणि तीन शून्यं, १० के. ४७०२ म्हणजे ४७० आणि दोन शून्यं, ४७ के. आकड्यांमध्ये इंग्रजी आर अक्षर आलं तर ते पॉइंटच्या जागी: ४ आर ७ म्हणजे ४.७ ओहम.

माळ्यावरचा व्हॉल्व्हचा रेडिओ कुणी आणला तर त्यात पट्टेच नसलेले, सबंध रंगवलेले रेझिस्टन्स सापडतील. तिथे अंगाचा रंग पहिला आकडा, टोकाचा रंग दुसरा आणि मधला ठिपका म्हणजे शून्यं. रंगांचे आकडे मात्र हेच. आज वापरतो तो संकेत १९५२ साली आंतरराष्ट्रीय मानकात आला, पण आकडे तेच असल्याने त्याआधीच्या मालाचंही वाचन अडत नाही.

सरावाला सहा

कागदाने उत्तरं झाका आणि वाचा. एक: तपकिरी, हिरवा, तांबडा, सोनेरी. दोन: पिवळा, जांभळा, काळा, सोनेरी. तीन: निळा, राखाडी, पिवळा, सोनेरी. चार: तपकिरी, काळा, सोनेरी, सोनेरी. पाच: नारिंगी, नारिंगी, काळा, तांबडा, तपकिरी. सहा: तांबडा, तांबडा, काळा, तपकिरी, तपकिरी, आणि हाच उलटा वाचला तर काय येतं तेही लिहा.

उत्तरं: १.५ के. ४७ ओहम. ६८० के. १ ओहम. ३३ के. २.२ के, आणि उलटा वाचला तर ११ के, २ टक्के.